वारसाहक्काचा एफ

बाबांचं नाव कमी करायला म्हणून मी विरंगुळा केंद्रात गेले आणि ज्येष्ठ नागरिक होऊन परत आले. माझं वय बेचाळीस आहे. चाळिशीनंतर माणूस झपाट्याने म्हातारा होतो असं ऐकून होते, पण तो एका खिडकीसमोर दहा मिनिटांत होतो हे नवीन होतं.

खिडकीतल्या कारकुनाला मी सांगितलं, की वडील दोन महिन्यांपूर्वी वारले, ते इथे गिटारच्या वर्गाला यायचे, तेव्हा त्यांचं नाव तेवढं कमी करा.

"नाव कमी करायला सभासदाने समक्ष यावं लागतं," कारकून म्हणाला.

"ते वारले म्हणूनच कमी करायचं आहे."

"ते बरोबर आहे हो. पण नियमात ‘समक्ष’ आहे." तो वाईट माणूस नव्हता. त्याने माझ्याकडे आणि नियमाकडे सारख्याच सहानुभूतीने पाहिलं. "त्यापेक्षा असं करा, ताई. कमी करू नका, वारसाच्या नावावर चढवून घ्या. ते माझ्या पातळीवर होतं."

"पण मी ज्येष्ठ नागरिक नाही."

"तुम्ही नाही. जागा ज्येष्ठ आहे ना! आम्ही जागेचं वय धरतो."

या युक्तिवादात कुठेतरी चूक आहे हे मला कळत होतं. मी ग्रंथालयात नोकरी करते आणि न्यायशास्त्राच्या कपाटाला पाठ लावून बसते. पण चूक बोट ठेवून दाखवता येईना. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी खाकरलं. वळून पाहिलं, तर तीन वृद्ध माणसं आपापली गिटार मांडीवर घेऊन ओळीने बसली होती आणि माझ्याकडे अशी पाहत होती, जशी बुडत्या नावेतली माणसं काठावरच्याकडे पाहतात.

"वर्गाला किमान चार सभासद लागतात," त्यांच्यातल्या बाई म्हणाल्या. "तीन झालो की खोली जाते. बघ बाई. तुझ्यावर दडपण नाही."

हे वाक्य ज्याने ज्याने मला आजवर ऐकवलं आहे, त्याने दडपणच आणलेलं आहे.

हा वर्ग कसा चालतो ते इथे सांगायला हवं, कारण मलाही ते कोणीतरी समजावून सांगावं लागलं होतं. गिटारवर तीन-चार बोटं विशिष्ट जागी दाबून सगळ्या तारा एकदम छेडल्या, की जो आवाज येतो तो कॉर्ड. एका साध्या गाण्याला असे चार कॉर्ड पुरतात. जगभर लोक हे चारही एकेकटे शिकतात आणि एकावरून दुसऱ्यावर बोटं हलवतात. या वर्गाला वर्षभर प्रयत्न करूनही हलवणं जमलं नाही. एका कॉर्डवर बोटं बसायची, पण दुसऱ्यावर पोहोचेपर्यंत गाणं पुढच्या कडव्यात गेलेलं असायचं. तेव्हा सरांनी तोडगा काढला: बोटं हलवायचीच नाहीत. चार माणसं, चार कॉर्ड. प्रत्येकाने एकच धरून बसायचं आणि आपली पाळी आली की वाजवायचं.

सर निवृत्त वाहतूक हवालदार. उभी हयात चौकात काढलेली. त्यामुळे चारही दिशांना एकदम सोडायचं नसतं, हे तत्त्व त्यांच्या हाडामांसात होतं. ते मधे उभे राहून हाताने एकाला थांबवत, दुसऱ्याला सोडत. दोन कॉर्ड एकदम वाजले तर ते शिट्टी मारत. ती शिट्टी अजून त्यांच्या गळ्यात होती.

माणसांची नावंही कॉर्डवरूनच पडली होती. सी काका हे वर्गातले सगळ्यात मानी गृहस्थ. गाणं त्यांच्यापाशी सुरू होई आणि त्यांच्यापाशीच संपे. बाकीचे लोक म्हणजे त्यांच्या मते फिरून यायच्या जागा. बाई म्हणजे ए मायनर मावशी, पूर्वी मुख्याध्यापिका होत्या. ए मायनर हा उदास कॉर्ड आहे आणि तो त्यांना न विचारता दिल्याचा राग त्यांनी अजून सोडला नव्हता. जी आजोबांना ऐकू जरा उशिरा जायचं, म्हणून सर त्यांना इशाराही जरा आधीच करत. आणि बाबा होते एफ.

एफ कोणालाच नको होता. बाकीचे कॉर्ड बोटांच्या टोकांनी धरायचे असतात. एफला पहिलं बोट आडवं करून एकट्याने सहाही तारा दाबून धरायच्या आणि वर उरलेल्या बोटांनी दुसरीकडे कामं करायची. "सगळे खाली बघत होते," मावशी म्हणाल्या. "तुझे वडील म्हणाले, द्या मला."

बाबा तसेच होते. घरात तुटक्या पायाची खुर्ची होती, ती त्यांची होती.

मग त्यांनी मला गाणं वाजवून दाखवलं. सी काका वाजले, मावशी वाजल्या, आणि तिसऱ्याची पाळी आली तेव्हा सरांनी रिकाम्या खुर्चीकडे हात केला. सगळे थांबले. चार मात्रा कोणी हललं नाही. मग जी आजोबा वाजले आणि पुन्हा सी काका. प्रत्येक फेरीत तिथे तेवढंच भोक.

"इथे काय राहिलं?" मी विचारलं.

"तिथे एफ येतो."

"मग कोणीतरी दुसरं काही वाजवा ना तिथे."

"तो आमचा नाही," सी काका म्हणाले. मानी माणसाला इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

अडचण अशी होती, की पुढच्या महिन्यात केंद्राचे साहेब प्रत्येक वर्गाची पाहणी करणार होते. एक गाणं ‘खंड न पडता’ सादर करायचं होतं. नाही जमलं तर खोली शेजारच्या हास्यवर्गाला मिळणार होती. हास्यवर्गाचे सभासद चाळीस, आणि ते आत्ताच व्हरांड्यात चटया घेऊन उभे होते. त्यांना बाहेर जागा नव्हती म्हणून ते तिथेच हसत होते.

मी सही केली.

मला वाचून काहीही शिकता येतं, हा माझा जुना समज आहे. ग्रंथालयातून मी गिटारवरची चार पुस्तकं आणली आणि आठवड्याभरात गिटारचा उगम, लाकडाच्या जाती आणि तारांचे ताण यांवर मी बोलू शकत होते. कोणी बोलू देत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पुस्तकं मिटून बाबांची गिटार घेतली, बोट आडवं ठेवलं, छेडलं. थप्. पाट्यावर ओला टॉवेल आपटावा तसा आवाज. दुसऱ्या दिवशीही थप्. तिसऱ्या दिवशी बोट सुजलं आणि आवाज तोच.

शेजाऱ्यांना बोट दिसायच्या आधी आवाज पोहोचला होता. समोरच्या काकू म्हणाल्या, बोट तुरटीच्या पाण्यात बुडव, कातडी घट्ट होते. त्यांचे यजमान म्हणाले, छे, मधात बुडव, कातडी मऊ हवी. मी दोन्ही करून पाहिलं. दुपारी ग्रंथालयात एका सभासदाला पुस्तक दिलं, तर ते माझ्या बोटासकट गेलं.

आई मात्र काहीच सल्ला देत नव्हती. ती स्वयंपाकघरातून ऐकायची. एकदा हात पुसत दारात आली.

"ते पण एवढंच वाजवायचे," ती म्हणाली. "रोज तेच. मला वाटायचं, पुढचं येत नाही यांना."

मी तिला एकाला एक कॉर्डची पद्धत सांगितली. ती बराच वेळ टॉवेलला हात पुसत राहिली. हात कोरडे होऊन गेले होते.

"मग सांगायचं ना मला! मी आपली रोज आतून ओरडायचे, ‘अहो, पुढे सरका आता.’"

"काय म्हणायचे ते?"

"‘सरकतो’ म्हणायचे."

ती परत आत गेली. मी पुन्हा बोट ठेवलं. थप्.

खरा घोटाळा केला तो खालच्या मजल्यावरच्या इंजिनिअर काकांनी. त्यांची हयात पत्रा दाबायच्या यंत्रांच्या कारखान्यात गेली होती. ते एक दिवस वर आले, त्यांनी माझं बोट उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "तुझा प्रश्न संगीताचा नाहीच. तुझा प्रश्न दाबाचा आहे. आणि दाब म्हटलं की लोक कोणाकडे यायचे?"

"तुमच्याकडे," त्यांच्या मागून काकी म्हणाल्या. हे उत्तर त्या बहुधा तीस वर्षं देत होत्या.

पाहणीच्या दिवशी सकाळीच काका यंत्र घेऊन हजर झाले. सायकलचा ब्रेक, दाराची बिजागरी आणि कुठल्याशा दप्तरातल्या चिमट्याची स्प्रिंग, असा तो संसार होता. गिटारच्या मानेवर माझं बोट आडवं ठेवायचं, वरून हे यंत्र बसवायचं आणि कळ दाबायची. बोटाला दाब देण्याचं काम यंत्र करणार, बोटाने फक्त उपस्थित राहायचं. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि काकांनी कळ दाबली.

खटक.

"छेड," काका म्हणाले.

मी छेडलं. आणि घरात एफ वाजला. सहाच्या सहा तारा, भरीव, स्वच्छ. आतल्या खोलीत आईच्या हातून काहीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बघितलंस?" काका म्हणाले.

"बघितलं. आता काढा."

काका यंत्राकडे वाकून बघू लागले. ते ज्या बारकाईने बघत होते, त्यावरून मला शंका आली. "उघडण्याची बाजू," ते सावकाश म्हणाले, "अजून विचाराधीन आहे."

साबण झाला. तेल झालं. पान्याने प्रयत्न केला, तर दाब एक घर वाढला. काका मनापासून खूश झाले, कारण ही शक्यता त्यांच्या लक्षात आली नव्हती. माझं बोट दुखायचं थांबून बधिर झालं. पाहणीला तासभर उरला होता आणि मी डाव्या हाताने गिटारला, किंवा गिटार माझ्या डाव्या हाताला, कायमची जोडली गेले होते. मी म्हणाले, आता कसलं जायचं, आधी कुठल्यातरी लोहाराकडे जाते.

"तशीच जा," आई म्हणाली.

"अशी? केंद्रात?"

"तुला दुसरं काही वाजवायचंय का तिथे?"

आईचं बरोबर होतं. जगातल्या कुठल्याही गिटारवादकाची अशा अवस्थेत मैफल बुडाली असती. फक्त माझीच बुडणार नव्हती.

फाटकाशी समोरच्या काकू भेटल्या. त्यांनी गिटार पाहिली, वर केलेला हात पाहिला. "माणसाने मन रमवावं, मी नाही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण तीन महिने होताहेत आत्ताशी. आणि रस्त्यातून वाजवत?"

"वाजवत नाहीये, काकू. अडकलेय."

"तसंच म्हणतात सगळे," काकू म्हणाल्या. कोण सगळे, ते विचारायला मला वेळ नव्हता.

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, वाद्य सामानाच्या जागी ठेवा. मी म्हणाले, ठेवलं तर मलाही तिथेच उभं राहावं लागेल. त्याने यंत्र पाहिलं, विचार केला आणि मला सामानाच्या जागी उभं केलं. माणसाची प्रतिष्ठा ही एक अंतर्गत गोष्ट आहे असं मी वाचलेलं आहे. ज्याने लिहिलं तो एका सुटकेस आणि गादीच्या गुंडाळीमधे उभा राहिलेला नसावा. शेजारी एक गृहस्थ होते. थोडा वेळ त्यांनी धीर धरला. मग म्हणाले, "वाजवा ना काहीतरी. प्रवास छान होईल." मी नाही म्हणाले. ते म्हणाले, कलावंतांना आग्रह लागतोच. आणखी दोघांनी आग्रह केला. शेवटी मी एकदा छेडलं. सगळे कौतुकाने पुढच्याची वाट पाहू लागले. मी पुन्हा तेच छेडलं. तिसऱ्यांदा छेडल्यावर ते गृहस्थ खिडकीबाहेर बघू लागले, आणि उतरताना कंडक्टर मला म्हणाला, "पुढचं शिका, ताई. सोडू नका." जवळजवळ हेच वाक्य बाबांनी रोज ऐकलं होतं, एवढं एक समाधान.

केंद्रात हास्यवर्ग चटयांसह दारात तयार होता. आत टेबलामागे साहेब चहा पीत होते, शेजारी खिडकीतला तो कारकून. सरांनी गणवेशासारखा इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. माझा हात बघून ते पळभर गोंधळले, पण चौकात यापेक्षा वाईट त्यांनी पाहिलं असणार.

"सुटत नाही?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही."

"मग सुटू देऊ नका."

मी बाबांच्या खुर्चीत बसले. सरांनी हात केला. सी काका वाजले, मावशी वाजल्या. सरांचा हात माझ्याकडे वळला आणि मी छेडलं. एफ खोलीभर पसरला. आणि त्यामुळे सगळाच गोंधळ झाला. तिघांनाही इतके दिवस तिथे शांततेची सवय झालेली. सी काका दचकून माझ्याकडे वळले. जी आजोबांना वाटलं, आपल्याला उशीर झाला, म्हणून ते आयुष्यात प्रथमच वेळेआधी वाजले. सरांची शिट्टी तोंडापर्यंत गेली होती. पण पुढची फेरी कशीबशी लागली, कारण मावशींनी आपल्या पाळीला जोरात छेडलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, कारण दोन्ही हात कामात होते.

दुसऱ्या फेरीला मी छेडलं तेव्हा यंत्राच्या आत कुठेतरी कुरकुर झाली. मग फाट्! बिजागरी एकीकडे गेली, स्प्रिंग छताला लागली आणि ब्रेकचा तुकडा सुबक वळण घेऊन साहेबांच्या चहात पडला. बाहेर हास्यवर्गाच्या घड्याळात बरोबर तेव्हाच ‘मुक्त हास्या’ची वेळ झाली. चाळीस माणसं खदखदून हसली.

माझं बोट मोकळं झालं होतं. त्यावर सहा खाचा होत्या आणि ते माझं आहे असं वाटत नव्हतं. गाणं मात्र थांबलेलं नव्हतं. जी आजोबांना स्फोट अजून ऐकू यायचा होता, त्यामुळे ते शांतपणे वाजले. सी काका वाजले. मावशी वाजल्या. सरांचा हात माझ्याकडे आला.

मला एवढंच दिसत होतं, की आता इथे भोक पडलं तर ते खंड म्हणून लिहिलं जाईल, खोली जाईल, आणि उद्यापासून ही खुर्ची चाळीस चटयांखाली असेल. बोट ठेवायला मला जरा वेळ लागला. तिघंही थांबले. घाई करायची नसते हे तिथे त्यांना चांगलं माहीत होतं. बाहेरचे हसत होते. मी बोट आडवं केलं, जीव खाऊन दाबलं आणि छेडलं.

चार तारा वाजल्या. एक कुरकुरली. एक मुकीच राहिली. पण ते थप् नव्हतं.

सर जी आजोबांकडे वळले, आणि गाणं पुढे सरकलं. त्याच्या पुढच्या फेरीलाही चारच वाजल्या. शेवटी सी काकांनी आपल्या घरी येऊन गाणं संपवलं आणि गिटारवरून हात न काढता साहेबांकडे असं पाहिलं, की आता खोली घेऊनच दाखवा.

साहेब चमच्याने चहातून ब्रेक काढायच्या प्रयत्नात होते. त्यांनी बराचसा भाग पाहिलेला नव्हता.

"मधे एक आवाज जरा खरखरीत आला," ते म्हणाले.

"तो एफ आहे, साहेब," सर म्हणाले.

"तो तसाच असतो का?"

"आमचा तसा असतो."

"थांबलात का कुठे?"

कारकुनाने साहेबांच्या कपाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "नाही, साहेब," तो म्हणाला. "सलग होतं. मी ऐकत होतो."

साहेबांनी लिहिलं. हास्यवर्गाला बातमी कळल्यावर त्यांचं हसणं थोडा वेळ थांबलं. नियमित सराव असूनही माणूस कधीकधी अपुरा पडतो.

पुढच्या आठवड्यात मी गेले, तेव्हा सर उत्साहात होते. एका गाण्यावर वर्ग किती दिवस काढायचा? त्यांनी नवं गाणं निवडलं होतं. साधं, सोपं, सगळ्यांना पाठ असलेलं. तिघांनी गिटारी सरसावल्या. मी बोट आडवं केलं. सर वहीत बघत म्हणाले, "सी, मग जी, मग ए मायनर, मग परत सी." ते थांबले. वही उलटी करून पाहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "यात एफ नाही. म्हणजे ताईंनी बसायचं नुसतं. तेवढीच विश्रांती."

"हो, चालेल," मी म्हणाले. मला खरंच चालणार होतं. बोट अजून दुखत होतं आणि नुसतं बसायची मला सवय आहे, ती माझी नोकरीच आहे. मी गिटार मांडीवरून खाली घ्यायला लागले.

"कुठल्याच कडव्यात नाही?" मावशींनी विचारलं.

"नाही."

"एकदासुद्धा नाही?"

"गाणं सोपं आहे, मावशी, म्हणून तर घेतलं."

मावशींनी सी काकांकडे पाहिलं. नव्या गाण्यात सी काकांची पाळी जवळजवळ दुप्पट वेळा येत होती. ते त्यांनी नक्कीच मोजलं असणार. ते थोडा वेळ तारांकडे बघत बसले.

"तसलं गाणं कशाला घ्यायचं?" ते म्हणाले.

"अहो, पण—"

"काय चाललंय?" जी आजोबांनी विचारलं.

"नव्या गाण्यात एफ नाही!" मावशी त्यांच्या कानाशी ओरडल्या.

"मग नको," जी आजोबा म्हणाले, आणि या एका बाबतीत त्यांना अजिबात उशीर झाला नाही.

सरांनी वही मिटली. मधे जाऊन उभे राहिले, चारही बाजूंना एकदा पाहिलं आणि जुन्याच गाण्यासाठी सी काकांना हात केला. सी काका वाजले. मावशी वाजल्या. मी गिटार परत वर घेतली आणि बोट ठेवलं.